ओझरचं विमान आणि एका सुताचा हिशोब

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरहून तिथं बनलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए उडालं. व्हिडिओ तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेले. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आले, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या तेजसची तिसरी उत्पादन साखळी आणि एचटीटी-४० या शिकाऊ विमानाची दुसरी साखळी सुरू झाली, वर्षाला आठ तेजस इथून निघतील असं जाहीर झालं. बातमी मीही टाकली. चार ओळी, एक फोटो, भरपूर लाईक.

पण एक प्रश्न डोक्यात राहिला आणि तो त्या चार ओळींत मावणारा नव्हता. एक विमान उडवणं अवघड, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग आठवं, ऐंशीवं विमान पहिल्यासारखंच बनवणं किती अवघड असेल? इतकं सारखं, की एकाचा दरवाजा काढून दुसऱ्याला लावला तर कानस न मारता बसला पाहिजे. विमानाच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा आणि घाम इथं जातो, आणि आपल्या जिल्ह्याच्या पोरांचा संबंध येणार असेल तर तोही इथंच येणार आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आपल्याकडं गवंडी, सुतार, वेल्डर यांचं माप म्हणजे सूत. इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. "एक सूत बाहेर गेलं" म्हटलं की घरमालक म्हणतो, चालतंय की. घराच्या चौकटीला चालतंही. उलट चांगला सुतार दरवाजा मुद्दाम थोडा ढिला ठेवतो, कारण पावसाळ्यात लाकूड फुगणार हे त्याला माहीत असतं. ही जी चालवून घेतलेली, आधीच ठरवून माफ केलेली चूक असते, तिलाच कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. वाळूजला सीएनसीवर बसणारी आपली पोरं सुतात बोलत नाहीत, मायक्रॉनमध्ये बोलतात. एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरा. म्हणजे गवंड्याचं एक सूत म्हणजे एकाला एक लावून ठेवलेले पंचेचाळीस केस.

आता कुणी म्हणेल की मायक्रॉन हे विलायती खूळ, आपल्या जुन्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. तसं नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ज्यांनी बघितलं असेल त्यांना आठवेल. धाव मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या आरात लाल करायची, फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी मारायचं. आकसताना ती तुंबा, आरे सगळं असं आवळते की चाक वर्षानुवर्षं हलत नाही. किती लहान ठेवायची हे लोहाराच्या हाताला ठाऊक. जास्त लहान झाली तर आरे मोडतात, कमी झाली तर उन्हाळ्यात धाव रस्त्यात निघून पडते. विमानात भोकात बसणारी बुशिंग असतात, तिथं हीच युक्ती उलटी वापरतात. बुश द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून आकसवायचं, भोकात सोडायचं, गरम झालं की ते घट्ट बसतं. फरक एवढाच की लोहाराचा अंदाज त्याच्याबरोबर जातो आणि कारखान्याचा अंदाज कागदावर राहतो.

हा अंदाज कागदावर आणायला जगाला दीडशे-दोनशे वर्षं लागली. १७८५ मध्ये अमेरिकेचे पॅरिसमधले वकील थॉमस जेफरसन एका फ्रेंच बंदूक कारागिराच्या कारखान्यात गेले. ओनोरे ब्लांक त्याचं नाव. त्यानं बंदुकीच्या चापाचे सुटे भाग ढिगात ठेवले होते. जेफरसननी हाताला येतील ते तुकडे उचलले आणि स्वतः चाप जोडले. सगळे बसले. आज आपल्याला यात काहीच वाटणार नाही, कारण कन्नडच्या दुकानातून आणलेली क्लच प्लेट आपल्या जुन्या एम-८० मध्ये बसणारच हे आपण गृहीत धरतो. त्या काळी हे नवल होतं. प्रत्येक बंदूक स्वतंत्र, एकीचा खिळा दुसरीला चालायचा नाही. लढाईत चाप मोडला की अख्खी बंदूक लोहाराकडं.

पुढं स्वीडनच्या योहान्सन नावाच्या माणसानं पोलादाचे अचूक ठोकळे बनवले. एकावर एक रचून पाहिजे ते माप तयार करता येतं. आजही कुठल्याही टूल रूममध्ये काचेखाली, तेल लावून, सोन्यासारखे जपून ठेवलेले स्लिप गेज दिसतील, ते याच माणसाच्या डोक्यातून निघाले.

विमानांच्या बाबतीत मला सगळ्यात आवडलेला किस्सा दुसऱ्या महायुद्धातला आहे. रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन, स्पिटफायर विमानात बसायचं ते. मागणी एवढी वाढली की मोटारी बनवणाऱ्या फोर्ड कंपनीला ते बनवायला सांगितलं. रोल्स-रॉईसचे इंजिनिअर स्टॅन्ली हूकर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की फोर्डचा माणूस ड्रॉइंग बघून म्हणाला, यावरून इंजिन बनणार नाही. हूकरना वाटलं मापं फार बारीक आहेत, मोटारवाल्यांना झेपत नसतील. तर तो म्हणाला उलटंय, तुमची टॉलरन्स आमच्यासाठी फार ढिली आहेत. रोल्स-रॉईसकडं कसबी फिटर होते, प्रत्येक भाग घासूनपुसून जागेवर बसवणारे. फोर्डकडं तसे हात नव्हते आणि त्यांना ते नकोही होते. त्यांना भाग असा हवा होता की कुणीही उचलावा आणि बसवावा. फोर्डनं ड्रॉइंग नव्यानं काढली आणि मँचेस्टरच्या कारखान्यातून तीस हजारांवर इंजिनं काढली. कसबी हात म्हणजे उच्च दर्जा, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. हा किस्सा वाचला की थोडं थांबावं लागतं.

आता आपल्याकडं या.

विमानाच्या भारतीय इतिहासाचा विषय निघाला की दरवर्षी न चुकता १८९५ च्या चौपाटीची पोस्ट फिरते. मी ती कधी फिरवत नाही, कारण तिला धड पुरावा नाही. खरा इतिहास काही कमी रंगतदार नाही, तरी तो कुणी फिरवत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, जहाजं आणि साखर यांचा धंदा करणारा माणूस, त्यांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तिथं जोडलेलं पहिलं विमान, हार्लो जातीचं, उडालं. सुटे भाग बाहेरचे, जोडणी आपली. "जोडणी" हा शब्द लक्षात ठेवा, पुढं सारखा येणार आहे.

१९६२ मध्ये रशियाशी मिग-२१ चा करार झाला. चीनशी युद्ध झालं, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी मिग बनवण्यासाठी एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड नावाची वेगळी सरकारी कंपनी निघाली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. १ ऑक्टोबर १९६४ ला ही कंपनी आणि वालचंदांची जुनी, तोवर सरकारी झालेली कंपनी एक झाली, तीच आजची एचएएल. जुनी माणसं ओझरला अजून "ओझर मिग" म्हणतात.

एक जाता जाता. त्याच दशकात देश इंच-फूट सोडून मीटरवर येत होता. कायदा १९५६ चा, अंमल टप्प्याटप्प्यानं. बंगळुरात नॅट विमान इंग्रजांच्या इंचांत बनत होतं, ओझरला रशियन ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये. माप बदललं की काय होतं हे रशियनांनी स्वतः भोगलं होतं. अमेरिकेचं बी-२९ बॉम्बर त्यांच्या हाती लागलं आणि स्टालिननं हुकूम सोडला, जसंच्या तसं बनवा. पण अमेरिकन पत्रा इंचाच्या भागांत, रशियन गिरण्यांतून निघणारा पत्रा मिलिमीटरमध्ये. जाड पत्रा घेतला तर विमान जड, पातळ घेतला तर कमजोर. ठिकठिकाणी नव्यानं हिशोब करून जाडी ठरवावी लागली. १९४७ मध्ये ते तू-४ म्हणून उडालं. "जसंच्या तसं" हे दोन शब्द बोलायला फार सोपे असतात.

मग त्या काळात, कॉम्प्युटर नसताना, विमानाचे हजारो भाग एकमेकांत बसायचे कसे? रशियन पद्धत अशी होती. विमानाची आकृती मोठ्या सपाट पृष्ठभागावर खऱ्या आकारात रेखाटायची. त्यावरून पत्र्याचे खाके, म्हणजे टेम्प्लेट, कापायचे. त्या खाक्यांवरून साचे, साच्यांवरून जिग. मूळ कल्पना जहाज बांधणाऱ्यांची. आपला शिंपी काय करतो? कटिंगच्या कागदावरून बाही आणि खांद्याचा घेर दोन्ही काढतो. कागद दोन केस चुकीचा असेल तर बाहीही चुकते आणि घेरही तेवढाच चुकतो, म्हणून शिवण बरोबर बसते. टेम्प्लेट पद्धतीचं सगळं रहस्य यात आहे. माप बरोबर असण्यापेक्षा दोन्ही बाजूंची चूक सारखी असणं महत्त्वाचं.

यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. एका शिंप्याचा कागद दुसऱ्या शिंप्याकडं नाही. बाही पुण्याला आणि घेर पिशोरला कापायचा ठरला की पंचाईत. शिवाय पत्र्याचा खाका झिजतो, वाकतो, त्याची नक्कल काढली की नकलेत आणखी फरक पडतो. म्हणून जुन्या विमानांत बरीच भोकं दोन भाग एकत्र धरूनच पाडली जायची. ती जोडी जन्माची. जगभरच्या जुन्या लढाऊ विमानांत झाकणांवर विमानाचा नंबर टाकायची चाल होती, कारण एकाचं झाकण दुसऱ्याला लावलं तर भोकं जुळतीलच असं नाही. शांततेच्या काळात ठीक. लढाईत रात्रीतून एका विमानाचे भाग काढून दुसरं उभं करायची वेळ येते तेव्हा हाच प्रश्न थेट वैमानिकाच्या जिवाशी येऊन थांबतो.

ओझरनं यातलं सगळं पाहिलं. आधी रशियातून आलेले जवळजवळ तयार भाग जोडले, मग छोटे भाग, मग कच्च्या मालापासून विमान. शेकडो मिग-२१, मग मिग-२७, मग २००० सालच्या करारानंतर सुखोई-३०, तेही दोनशेवर. ज्या मिगसाठी हा कारखाना निघाला तो २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झाला आणि तीनच आठवड्यांनी ओझरहून तेजस उडालं. योगायोगच, पण बातमीदाराला असे योगायोग आवडतात.

आता जोडणीतला खरा त्रास बघू. तीन शत्रू आहेत, आणि पहिला आपल्या मराठवाड्याच्या ओळखीचा: ऊन.

ॲल्युमिनियमची एक मीटर पट्टी एक अंश तापली की साधारण तेवीस मायक्रॉन वाढते. क्षुल्लक वाटतं ना? तेजस तेरा मीटरच्या थोडं वर लांब आहे. तेरा मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी जानेवारीच्या पहाटे बारा अंशांत मोजा आणि मेच्या दुपारी बेचाळीस अंशांत मोजा. फरक येतो नऊ मिलिमीटर. जवळपास तीन सूत! पोलाद याच्या निम्म्यानंच वाढतं. म्हणजे पोलादी जिगवर ॲल्युमिनियमचा भाग ठेवून भोक पाडलं, तर सकाळचं भोक आणि दुपारचं भोक वेगळ्या ठिकाणी. म्हणून जगानं १९३१ मध्ये ठरवून टाकलं की लांबीचं माप वीस अंश सेल्सिअसलाच खरं धरायचं. कुठल्याही चांगल्या मोजमापाच्या खोलीत एसी चालू असतो तो साहेबासाठी नसतो.

दुसरा शत्रू म्हणजे चुकांची बेरीज. भाकरीचं उदाहरण घेतो. दहा भाकरींची चळत लावायची आहे. प्रत्येक भाकरी ठरल्या जाडीपेक्षा एक दशांश मिलिमीटर कमी किंवा जास्त असू शकते. सगळ्याच जाड निघाल्या तर चळत पूर्ण एक मिलिमीटरनं उंच. पण सगळ्या दहाच्या दहा जाड निघतील असं सहसा होत नाही, काही जाड, काही पातळ, एकमेकींना खातात. गणितवाले वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढतात आणि सांगतात की बहुतेक वेळा चळत तीन दशांशच्या आसपासच इकडंतिकडं होईल. एक मिलिमीटर धरून डिझाईन केलं तर प्रत्येक भाग विनाकारण महागडा करावा लागतो. तीन दशांश धरलं तर स्वस्तात जमतं.

मात्र यात एक अट आहे, आणि ती विसरल्यानं मोठमोठ्यांची फजिती झालीय. दहा भाकऱ्या दहा वेगळ्या हातांच्या असतील तरच त्या एकमेकींना खातात. एकाच बाईनं, जिचा हात जाडच आहे, सगळ्या थापल्या असतील तर वर्गमूळ गेलं चुलीत. कारखान्यात ती बाई म्हणजे झिजलेलं टूल, वाकलेलं जिग किंवा चुकीचं सेट केलेलं मशीन. प्रत्येक तुकडा तपासणीत पास होतो, कारण मर्यादेच्या आतच असतो, पण सगळे एकाच कडेला. जोडणीच्या दिवशी कळतं. म्हणून नुसतं पास-नापास लिहून भागत नाही, माप किती आलं ते लिहावं लागतं आणि ते कुठल्या बाजूला सरकतंय ते रोज बघावं लागतं. अमेरिकेच्या वॉल्टर शूहार्टनी १९२४ मध्ये यासाठी तक्ता काढला. महालनोबिसांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात येऊनही गेले.

तिसरा शत्रू नवा आहे, कार्बन कंपोझिट. तेजसच्या बाहेरच्या कातड्याचा बहुतांश भाग याच मालाचा. हलकं, मजबूत, गंजत नाही. पण थरावर थर लावून, भट्टीत दाबाखाली शिजवून तयार होतं, त्यामुळं जाडी जागोजागी थोडी बदलते. आणि स्वभाव ताठ. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात किंचित फट राहिली तर रिव्हेट आवळताना तो थोडा खेचला जातो, सहन करतो. कंपोझिट खेचला की आतले थर सुटू लागतात आणि वरून काही दिसत नाही. म्हणून फट आवळायची नाही, भरायची. त्यासाठी शिम असतात: पातळ चकत्या, पापुद्रे काढता येतील अशा पट्ट्या, किंवा एपॉक्सीची लापशी, जी फटीत भरून घट्ट होऊ द्यायची. आपण डगमगत्या टेबलाखाली पुठ्ठा घालतो ना, तेच. फक्त इथं पुठ्ठ्याची जाडी मोजून लिहून ठेवतात.

हा पुठ्ठा बरोबर बसला नाही तर काय होतं? बोइंगला विचारा. त्यांचं ७८७ ड्रीमलायनर, ज्याच्या जमिनीखालच्या तुळया आपल्या नागपुरात मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बनल्या. विमानाचे भाग जपान, इटली, अमेरिका असे ठिकठिकाणी बनवायचे आणि शेवटी नुसते जोडायचे, अशी योजना. जुलै २००७ मध्ये वाजतगाजत पहिलं विमान बाहेर काढलं, पण ते आतून अर्धंमुर्धं होतं. जोडताना नाकाचा भाग आणि पुढचं धड यांच्यामध्ये डोळ्यांना दिसेल एवढी फट आली होती. ते निस्तरलं. मग २०२० नंतर पुन्हा फटी सापडल्या, यावेळी डोळ्यांना न दिसणाऱ्या. नियम होता इंचाच्या हजार भागांपैकी पाच, म्हणजे सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास. दोन केस. त्याहून मोठी फट असेल तर शिम हवीच. काही ठिकाणी ती नव्हती. मे २०२१ पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत डिलिव्हरी बंद राहिली. एका सुतात अशा पंचवीस फटी मावतील, आणि तेवढ्यासाठी जगातली सगळ्यात मोठी म्हणावी अशी कंपनी सव्वा वर्ष विमानं दारात उभी करून बसली.

एअरबसचीही एक गोष्ट आहे, मात्र ती थोडक्यात. ए-३८० च्या वेळी हॅम्बुर्ग आणि तुलूज इथल्या लोकांकडं एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. वायरींचे जुडगे जागेवर पोहोचेनात, आखूड पडले. विमान दोन वर्षांच्या आसपास लांबलं. दोन शिंपी, दोन कागद.

मग शहाणा डिझायनर काय करतो? सगळी मापं बारीक करत सुटत नाही. तसं केलं तर विमान परवडणारच नाही, प्रत्येक केसागणिक मशीनचा वेळ, तपासणी आणि भंगार वाढतं. तो आधी ठरवतो की कुठं चूक माफ नाही: पंख आणि धड जिथं जुळतात ते सांधे, इंजिनची बैठक, पंखांच्या हलणाऱ्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या. तिथं पैसा ओततो. बाकी ठिकाणी ढील ठेवतो. सगळी मापं एकाच ठरलेल्या जागेपासून मोजायला लावतो, नाहीतर भाकरीची चळत तयार होते. आणि जिथं चूक साचणार हे माहीत असतं तिथं तिला निघायला वाट ठेवतो. तुमच्या गाडीच्या नंबरप्लेटला एक भोक गोल आणि एक लांबट असतं, बघितलंय? गोल भोक जागा धरतं, लांबट भोक चूक पोटात घेतं. एवढं साधं तत्त्व, सुखोईतही तेच.

आपल्या वेरूळच्या कैलासात ही कटकटच नव्हती. एकाच खडकातून वरून खाली कोरत आले, जोडच नाही तर फट कुठून येणार? विमान म्हणजे कैलासाच्या बरोबर उलट. सगळे जोडच जोड.

आता तेजसकडं येतो, कारण खरी सार्वजनिक गोष्ट इथं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क वन-ए ची ऑर्डर, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ ची, ६२ हजार कोटींच्या वर. मिळून १८० विमानं. एचएएलनं मोठे भाग खासगी कंपन्यांना वाटून दिलेत. पंख कोईमतूरला एल अँड टी, मधलं धड हैदराबादची व्हीईएम, मागचं धड अल्फा टोकोल. २०२५ च्या मार्च ते जुलैदरम्यान या तिघांनी आपापला पहिला भाग एचएएलकडं सोपवला. म्हणजे बाही एका गावात, घेर दुसऱ्या गावात, आणि शिवण बंगळुरात किंवा ओझरला. जे बोइंगनं केलं तेच, लहान प्रमाणात. इंजिनं अमेरिकेतून उशिरा येतायत याची बातमी सगळीकडं होते, व्हायलाच पाहिजे. पण हे भाग शिम न भरता किती जुळतात, विसाव्या विमानाचं झाकण एकविसाव्याला लागतं का, याची बातमी होत नाही. संसदेत प्रश्न विचारायचे असतील तर आपल्या खासदारांनी हाही विचारावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपण? छत्रपती संभाजीनगरला वाळूजमध्ये बजाज १९८५ पासून आहे, तिच्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांचं जाळं आहे. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, जिथून शिकून गेलेली पोरं देशभर टूल रूममध्ये आहेत. म्हणजे मायक्रॉन आपल्याला परके नाहीत. देशातले दोन अधिकृत संरक्षण औद्योगिक कॉरिडॉर उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूत गेले, ते गेले. तरी ओझर आपल्या शेजारी आहे.

फक्त एक भ्रम काढून टाकू. मोटारसायकलचा भाग बनवणारा विमानाचा भाग सहज बनवेल, असं भाषणांत सांगतात. माप तो काढेल, यात शंका नाही. फोर्डनं काढलंच होतं. अडचण वेगळी आहे. मोटारसायकलचे भाग दिवसाला हजारांनी निघतात, पहिले पाच-पन्नास भंगारात गेले तरी मशीन सेट होतं आणि खर्च निघतो. तेजस वर्षाला चोवीस, तेही तिन्ही साखळ्या धरून. पन्नास तुकडे भंगारात घालवायची सोयच नाही, पहिलाच तुकडा बरोबर आला पाहिजे. त्यात धातूची पट्टी कुठल्या लॉटची, भोक कोणी पाडलं, कुठल्या ड्रिलनं, त्या दिवशी गेज कधी तपासलं होतं, हे सगळं विमान उडत राहील तोवर सापडलं पाहिजे. त्यासाठी एएस ९१०० नावाचं प्रमाणपत्र लागतं, मोजमापाची वीस अंशांची खोली लागते, आणि पैसे सुटेपर्यंत तग धरायची ताकद लागते. छोट्या शेडवाल्याला पहिल्या दोन गोष्टी कर्ज काढून जमतील. तिसरीत तो मरतो. उद्योगमंत्र्यांनी खरंच काही करायचं असेल तर भूखंडाच्या घोषणेआधी एमआयडीसीत चार जणांत मिळून वापरता येईल अशी मोजमापाची खोली आणि बिल वेळेवर मिळण्याची हमी, एवढं द्यावं.

आयटीआयच्या पोरांना एक सांगतो. मशीन चालवणारे भरपूर आहेत, उद्या रोबोटही चालवेल. मोजता येणारे कमी आहेत. ड्रॉइंगवर माप कुठल्या कडेपासून दिलंय हे वाचता येणं, मायक्रोमीटर हातात धरून त्याला हाताची ऊब लागू न देणं, आलेलं माप आवडलं नाही तरी तेच वहीत लिहिणं. यातलं शेवटचं शिकवायला कुठलं मशीन लागत नाही.

कन्नड, सिल्लोड, वैजापूर भागातले जे कोणी ओझरला मिग किंवा सुखोईच्या जोडणीवर काम करून निवृत्त झाले असतील, त्यांनी कमेंटमध्ये लिहा किंवा मला मेसेज करा. उन्हाळ्यात भोकं जुळवायला तुम्ही काय काय करायचा, शिफ्ट कधी लावायचा, कुठली झाकणं सगळ्यात छळायची, हे मला ऐकायचंय. जमेल तेवढं तुमच्याच शब्दांत पुढच्या पोस्टमध्ये टाकतो.